गोठ्यातली बुलेट आणि गावभरचे सल्ले

वऱ्हाडात जुनी मोटारसायकल शोधायला बाजारात जावं लागत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, कुठल्याही तालुक्यात कुटाराच्या ढिगामागे आजोबांची राजदूत, मामांची येझदी किंवा एकेकाळी गावात एकुलती एक असलेली बुलेट उभी सापडते. टायर बसलेले, टाकीचं झाकण गंजून धरलेलं, सीटवर कोंबडीचा हक्क. नातू दिवाळीला पुण्याहून येतो, फोटो काढतो आणि जाहीर करतो की ही आता आपण घरीच उभी करायची. त्या संध्याकाळपासून सल्ल्यांना तोटा राहत नाही. अमरावतीच्या पानठेल्यापासून अकोल्याच्या स्पेअर पार्टच्या काउंटरपर्यंत प्रत्येकाकडे एक ठाम मत असतं, आणि ते देताना कोणी आवाज खाली करत नाही.

हे सल्ले अडाण्याचे असतात असं मला वाटत नाही. त्यातले बरेचसे कधीतरी, कुठेतरी खरे होते. कोणता सल्ला जुन्या काळच्या ऑईलला धरून असतो, कोणता दिल्लीच्या नियमाला, तर कोणता गोड्या पाण्याच्या गावाला. जागा आणि काळ बदलला, सल्ला मात्र तसाच चालत आला.

"पंधरा वर्सं झाले न भाऊ, आता भंगारातच द्या लागते."

हा सल्ला दिल्लीहून आलेला आहे. राष्ट्रीय हरित लवादाने राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आणली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली, आणि टीव्हीवरच्या बातम्यांनी ती अमरावतीपर्यंत आणून सोडली. महाराष्ट्रात खासगी दुचाकीला वयाची अशी बंदी नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे पहिली नोंदणी १५ वर्षं चालते, त्यानंतर गाडी दाखवून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यायची. दुचाकीसाठी हे शुल्क २०२२ मध्ये १,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या दुचाकींसाठी २,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. १५ वर्षांनंतर सक्तीने भंगारात काढायचा नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाला, तो सरकारी गाड्यांना.

यंत्राचं वय आणि यंत्राची झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वऱ्हाडाला तरी सांगायला नको. मूर्तिजापूर, अचलपूर आणि यवतमाळला जोडणाऱ्या आपल्या शकुंतला रेल्वेगाडीला १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढत होतं. डिझेल इंजिन आलं म्हणून ते बाजूला झालं.

खरी अडचण कागदांची असते. गाडी ज्यांच्या नावावर आहे ते आजोबा वारलेले असतात आणि नाव बदललेलंच नसतं. त्यासाठी वारसाने नमुना ३१ भरायचा असतो. आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांकडे नोंद करून नमुना २६ ने दुय्यम प्रत मागायची. १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू होण्याआधीच्या गाड्यांचे नंबर आजच्या 'एमएच २७', 'एमएच ३०' पद्धतीचे नाहीत, आणि बुकातली ती नोंद संगणकावर चढलेलीच नसणं हे नेहमीचं आहे. आरटीओत त्याला 'बॅकलॉग एन्ट्री' म्हणतात. ती झाल्याशिवाय नूतनीकरण नाही, नाव बदलणं नाही आणि सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबर प्लेटही नाही. बहुतेक लोक म्हणतात, आधी गाडी उभी करू, कागदाचं मग पाहू. मी उलट सांगेन. पहिला नट सैल करण्याआधी आरटीओची पायरी चढा. कागद जमत नसतील तर निदान त्या गाडीवर किती पैसा ओतायचा ते तरी ठरवता येतं.

"चेसिस घासून पावडर कोटिंग मारून टाक, शोरूमवरून आनल्यावानी दिसते."

दिसते, यात वाद नाही. पण चेसिसवर, बहुधा हँडलच्या मानेजवळ, नंबर कोरलेला असतो. आरटीओचे निरीक्षक त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो छाप बुकातल्या नंबराशी ताडून पाहतात. उत्साही पोराने ग्राइंडर फिरवला, किंवा कोटिंगचा जाड थर त्या खाचांत भरला, की छाप येत नाही. आणि पुसट नंबर म्हणजे चोरीची गाडी अशीच शंका आधी येते. म्हणून सँडब्लास्टिंगला देण्याआधी नंबराचा स्वच्छ फोटो काढायचा, छाप घेऊन ठेवायचा आणि त्या जागी उष्णता सोसणारी टेप लावायला सांगायची. इंजिनच्या नंबरालाही हीच काळजी. दुसरं इंजिन बसवलं तर ते बुकात चढवून घ्यावं लागतं.

कोटिंगची दुसरी गंमत गाडी जोडून झाल्यावर कळते. हॉर्न घोगरा वाजतो, दिवा काजव्याइतका लागतो, आणि सगळे एकमुखाने म्हणतात, "सहा व्होल्टचं काही खरं नाई." जुन्या जावाला ६ व्होल्टची वायरिंग होती आणि तिच्यावर गाड्या रात्रीबेरात्री धावत होत्या. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो: २५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेतो, ६ व्होल्टवर ४. जोडणीत कुठे थोडा अडथळा असला तर तिथे दुप्पट व्होल्ट वाया जातात, आणि मुळात हाती असतात निम्मेच. म्हणजे तोच सैल किंवा गंजका सांधा ६ व्होल्टच्या गाडीला चौपट नडतो. पावडर कोटिंगमधून तर वीज जातच नाही, आणि या गाड्यांचा अर्थ चेसिसमधूनच फिरतो. कंपनीने अर्थसाठी जी जागा रंगाविना सोडली होती, तिच्यावरच आपण हौसेने कोटिंग चढवलेलं असतं. अर्थच्या जागा खरवडून घासायच्या किंवा बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत अर्थची एक वेगळी वायर टाकायची. इतकं करूनही मन भरलं नाही तर १२ व्होल्टचा किट खुशाल बसवा. पण आधी अर्थ तपासा, कारण तो बारा व्होल्टलाही लागतोच.

"बोरचं पानी मार न प्रेशरनं, मातीच त हाये."

पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, अंजनगाव, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतल्या कित्येक गावांत बोरचं पाणी पिता येत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. ते पाणी गाडीला मात्र बिनदिक्कत चालतं, असं कसं? क्षारांतलं क्लोराइड लोखंडाचा गंज वाढवतं आणि क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत शिरून खालच्या धातूला पोखरतं. स्पोकची निप्पल, मडगार्डच्या आतली घडी, सीटखालचा पत्रा, चेनकव्हर, जिथे पाणी साचून वाळतं तिथे मीठ उरतं. सातारा-कोल्हापूरकडच्या गोड्या पाण्याच्या गावात बोरने गाडी धुणं ठीक असेल. इथे शेवटचं पाणी पावसाचं किंवा फिल्टरचं मारून, कोरड्या फडक्याने पुसून, गाडी थोडी फिरवून आणायची. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरशिवाय काहीही घालायचं नाही. आरओचंही नाही.

टाकीच्या आतला गंज काढायला संडास साफ करायचं अ‍ॅसिड ओतणारेही आहेत. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते गंजासोबत चांगला पत्राही खातं, आणि मागे राहिलेल्या क्लोराइडमुळे टाकी दोन दिवसांत पुन्हा तांबडी होते. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात कालवून टाकीत भरायचं, सोबत मूठभर नट टाकून हलवायची आणि एक-दोन दिवस वाट पाहायची. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं आणि टाकी तात्काळ वाळवायची. वाळवायच्या कामाला आपलं ऊन आहेच, एवढ्या एका बाबतीत अकोल्याचा मे महिना उपकारच करतो.

"टूटी जरा जास्तच टाकत जा, पिस्टन धरत नाई मंग."

याच्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण वऱ्हाडातल्या जुन्या गाड्यांत टू-स्ट्रोकच जास्त. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६०-६१ पासून जावा आणि पुढे १९९६ पर्यंत येझदी बनवली. एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ ची, यामाहा आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ ची. यांतल्या जावा, येझदी आणि राजदूतमध्ये पेट्रोलमध्येच ऑईल, म्हणजे टूटी, मिसळायचं असतं. आरएक्सला ऑईलची टाकी वेगळी आणि पंपही वेगळा, तरी सवयीने तिच्या पेट्रोलच्या टाकीतही ऑईल ओतणारे महाभाग आहेत.

जुन्या पुस्तिकांत १:२० ते १:२५, म्हणजे लिटरला ४० ते ५० मिली असं प्रमाण दिलेलं असे. ते त्या काळच्या ऑईलसाठी होतं आणि तेव्हा बरोबरच होतं. आजचं चांगलं टूटी १:२५ ला पुरून उरतं. त्याहून जास्त घातलं तर सुरक्षा वाढते असं वाटतं, पण कार्ब्युरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑईल वाढलं तेवढं पेट्रोल कमी झालं. मिश्रण पातळ होतं, पिस्टन जास्त तापतो, आणि जी भीती होती तीच जवळ येते. शिवाय प्लग काळा होतो आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. तो कार्बन काढायला कॉस्टिक सोड्यात भिजवायची जुनी पद्धत आहे. लोखंडी सायलेन्सरला ती चालते, पण त्याच घमेल्यात कुणी अ‍ॅल्युमिनियमचं हेड टाकलं तर सोडा ते खाऊन टाकतो.

मग इतकी वर्षं उभी राहिलेली येझदी चालू केल्यावर खरोखरच का धरते? क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. गोठ्यात उभ्याउभ्या ते कडक होतात आणि बाहेरची हवा आत ओढू लागतात. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे ही चोरटी हवा थेट पिस्टनपर्यंत पोचते. टूटी दुप्पट घातलं तरी फरक पडत नाही, हवा येतच राहते. गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेला असेल तर खूण ओळखायला सोपी आहे: धूर थांबत नाही आणि गिअर ऑईल न गळता कमी होतं. उभ्या गाडीचे सील न बदलता तिला पन्नासच्या पुढे पळवणं म्हणजे पिस्टनचा खर्च ओढवून घेणं आहे. सील स्वस्त असतात. ते बदलायला इंजिन उघडावं लागतं म्हणून लोक टाळतात.

पेट्रोलही आता आजोबांच्या वेळचं राहिलेलं नाही. शिशाचं पेट्रोल देशभर १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, आणि "जुन्या इंजिनाले शिशाचं औषध लागते" म्हणून बाटल्या विकणारे अजून आहेत. टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नसतात, त्यामुळे त्याला त्याची गरज नाही. बुलेटचं जुनं लोखंडी ब्लॉकवालं इंजिन तर कंपनी २००० नंतरही जवळपास दशकभर बिनशिशाच्या पेट्रोलवर विकत होती. खरी काळजी आहे ती २० टक्के इथेनॉलची, जे आता बहुतेक पंपांवर मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं पेट्रोलचा नळ जिथून घेतो तिथे. पावसाळ्यात महिना-दीड महिना उभी राहिलेली गाडी म्हणूनच अर्धा किलोमीटर जाऊन दम तोडते. जुनं रबर, म्हणजे नळाचे वॉशर, पाईप, कार्ब्युरेटरची पॅकिंगं, इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात, ती नव्या जातीची घ्यावीत. आणखी एक. पेट्रोल जाळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. त्याच जेटवर मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणून मुख्य जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग पाहणं शहाणपणाचं. आणि गाडी ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करा. भरलेली टाकी गंजत नाही हा सल्ला इथेनॉलच्या आधीचा.

"आवाज नाई त बुलेट काहाची?"

१९५४ मध्ये भारत सरकारने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या, १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या सोबतीने एनफील्ड इंडिया उभी राहिली, आणि तो आवाज खेड्यापाड्यांत पोचला. इंजिनचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर, आतली चाकं जड, फेरे कमी. आवाजाचा ठेका तिथून येतो. सायलेन्सर काढला की तो मोठा होतो, शक्ती वाढत नाही. ३४६ सीसीची ती बुलेट १८ अश्वशक्तीची होती. १७३ सीसीची राजदूत सुमारे ९, आणि ९८ सीसीची आरएक्स ११. या तीन गाड्यांत सर्वांत कमी सीसीची गाडी राजदूतच्या पुढे, ती आतल्या पोर्ट आणि रीड व्हॉल्व्हमुळे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर तर इंजिनचाच भाग असतो. त्यात परत उसळणारी लहर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलेंडरमध्ये ढकलते. आतली जाळी काढली की आवाज फाटतो आणि खालच्या फेऱ्यांत गाडी मरते. कायद्याचं म्हणाल तर प्रदूषण आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या म्हणून पहिल्याच खेपेला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने परवाना बाद, एवढी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे.

एअर फिल्टर काढून टाकणं याच जातीचं, पण जास्त वाईट. कपाशीच्या वावरातून उडणारी बारीक धूळ टू-स्ट्रोकमध्ये आधी क्रँकच्या बेअरिंगवरून जाते, मग पिस्टनवर.

बुलेटबद्दल एक दोन गोष्टी इथेच उरकतो. "कास्ट आयर्न" म्हणतात त्या इंजिनात ब्लॉक लोखंडी असतो, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. तेव्हा हेडचे स्टड करकचून आवळायचे नसतात. ऑईल गळणं हा तिचा स्वभाव आहे असं म्हणून सोडून देऊ नये. प्रायमरी चेनचं झाकण एका मधल्या नटावर बसतं, गळतंय म्हणून तो नट जोरात आवळला की झाकण वाकतं आणि आणखी गळतं. इंजिन, प्रायमरी आणि गिअरबॉक्स यांचं ऑईल वेगवेगळं असतं, एकात घातलं की तिन्हीकडे जात नाही. टॅपेटचा आवाज बंद व्हावा म्हणून ते घट्ट करणारा मेकॅनिक बदला. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वरखाली हलता कामा नये, तोही इंजिन पूर्ण थंड असताना. उन्हाळ्यात हे काम सकाळी उठल्यावर करायचं, कारण दुपारी टिनाच्या शेडमध्ये थंड असं काहीच नसतं.

"आपल्या इथल्या उन्हानंच इंजन बसते. तापली की पानी मारा."

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे हे पटकन पटतं. पण हिशेब करून पाहा. चालत्या गाडीचा ब्लॉक १८० अंशांच्या आसपास आहे असं धरू. बाहेर ३० अंश असेल तर फरक १५० चा, ४५ असेल तर १३५ चा. म्हणजे थंड होण्याची क्षमता दहा टक्क्यांनी घटली. त्याने धडधाकट इंजिन बसत नाही. आधीच पातळ मिश्रण, मागे पडलेलं टायमिंग, फिन्समध्ये ऑईल आणि मातीचा लेप, बंद झालेला सायलेन्सर, यांतलं काही असेल तर ते शेवटचे दहा टक्के पुरे पडतात. आणि तापलेल्या लोखंडी ब्लॉकवर पाणी मारलं तर धातू एका बाजूने आखडतो, बोअर वाकडा होतो, फिन तडकते. सावलीत उभी करा, तुम्हीही सावलीत बसा.

"यूट्यूब पाहून सगळं घरीच होते."

बरंच होतं, सगळं होत नाही. उघडणं, फोटो काढणं, प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावलेल्या डब्यात ठेवणं, साफसफाई, वायरिंग, केबल, कार्ब्युरेटर, पुन्हा जोडणी, हे सगळं ओसरीत होतं आणि तेच खरं सुखाचं काम. पण ब्लॉकला बोअर मारणं आणि होनिंग हे लेथवाल्याचं काम आहे. ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत घेऊन त्याच्या मापाने बोअर मारून घ्यायचा, उलटं नाही. जावाचा क्रँक दाबून बसवलेला असतो. तो उघडायला प्रेस आणि सरळ आहे का ते पाहायला डायल गेज लागतो, हातोडा लागत नाही. क्रोम घरी होत नाही, करूही नये. त्या टाकीतलं क्रोमियम विषारी असतं.

पाने कोणते वापरायचे हाही प्रश्न आहे. जावा पूर्ण मेट्रिक, जुनी बुलेट मात्र इंग्रजी मापांचे आणि पुढे मेट्रिक अशा मिसळीची. १३ नंबरचा पाना 'जवळपास' बसतो म्हणून लावला की नटाची कोपरं जातात. ब्रेकचे ड्रम उघडल्यावर तोंडाने फुंकर मारायची सवय सोडा. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं फेकून द्या.

रंगाचं वेळापत्रक वऱ्हाडात पंचांग पाहून ठरवावं. पावसाळ्यात मारलेल्या लॅकरवर दमटपणामुळे पांढुरकी झाक येते. एप्रिल-मेमध्ये थिनर बंदुकीतून निघून टाकीपर्यंत पोचेस्तोवरच उडतो, आणि अमरावतीकराला रोज हातात दिसणाऱ्या संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी उशिरा, जमीन पाण्याने ओली करून. हार्डनर असलेला टू-के रंग साध्या रुमालाच्या भरवशावर मारू नये, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसाला कायमचं नडतं. तेवढं एक काम पेंटरकडेच द्या.

"मांगून कापून बॉबर करून टाकू, कोन पाह्यते?"

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने जो तपशील दिला आणि नोंदणीत आहे, त्याच्याशी विसंगत बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. रंग बदलून बुकात नोंदवता येतो. सीट, हँडल, इंडिकेटर, सामानाचा रॅक, बोल्टने लागतं आणि बोल्टने निघतं, त्याने कुणाचं बिघडत नाही. चेसिस कापणं वेगळं. कापलेली चेसिस परत जोडता येते, पण तिच्यावर बसून अकोल्याकडे ऐंशीने जाताना वेल्डिंग करणाऱ्याचा चेहरा आठवत राहतो. २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यानच्या महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीजमध्ये नोंद झाली. रस्ता सुधारला, जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक त्या काळातलेच राहिले. बदल करायची हौस असेल तर पहिले पैसे तिथे घाला.

कस्टम करणाऱ्यांना माझा विरोध नाही. मात्र कापाकापीला गाडी निवडताना वय पाहा. 'व्हिंटेज' हा शब्द जो तो लावतो. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांत त्याचा अर्थ ठरलेला आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस आणि इंजिनात मोठा फेरबदल नसलेली. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण हा नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. ज्याला गाडीवरून रोज शेतात जायचं आहे त्याने या भानगडीत पडू नये, साधं नूतनीकरण करावं. येझदी रोडकिंग १९७८ पासूनची, म्हणजे तिची पहिली गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. आरएक्स १०० ला २०३५ उजाडेल. आज 'व्हिंटेज आरएक्स' म्हणून दुप्पट भाव सांगणाऱ्याला एवढं गणित ऐकवायला हरकत नाही. साठच्या दशकातली, मूळ मरून रंगाची आणि टाकीच्या बाजूंना क्रोम असलेली जावा मात्र या नियमात आजच बसते. ती कापणाऱ्याचं काय करावं हे कायद्यात लिहिलेलं नाही.

"चिखलदऱ्याच्या घाटात दम सोडते म्हनजे काम बेकार झालं."

गाडी उभी झाली की पहिली लांबची फेरी चिखलदऱ्याची, हे अमरावती-अकोल्यात ठरल्यासारखंच असतं. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण २८० मीटरवर, चिखलदरा १,११८ मीटरवर. वर हवेचा दाब नऊ-दहा टक्क्यांनी घटतो, हवा विरळ होते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल जवळपास तेवढंच देतो. मिश्रण थोडं गाढ होतं आणि इंजिन जड वाटतं. परतवाड्याहून निघून घाटात थांबून हवेचा स्क्रू फिरवणारे खाली आल्यावर पातळ मिश्रणावर गाडी पळवतात आणि दोष लेथवाल्याला देतात. काही फिरवू नका, एक गिअर खाली घ्या.

चढापेक्षा उतार जास्त लक्ष देण्यासारखा आहे, निदान पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायच्या गाडीवर. जावा किंवा राजदूत गिअरमध्ये ठेवून एक्सिलरेटर पूर्ण बंद करून लांब उतरलात, तर इंजिन फिरत असतं पण पेट्रोल येत नाही, आणि पेट्रोल नाही म्हणजे ऑईलही नाही. पेट्रोल वाचवायला म्हणून हेच करण्याचा सल्ला तुम्हाला वर चहाच्या टपरीवर हमखास मिळेल. मधूनमधून क्लच दाबून मूठ थोडी पिळत राहायची, आणि वेग आवरायला ब्रेक वापरायचे.